आधी भरणे, मग कातणे : धातूच्या स्वस्त थ्रीडी प्रिंटिंगची वाट लेथवरून जाते

१/
थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास बहुधा १९८० च्या दशकापासून सांगितला जातो. जपानमधील हिदेओ कोदामा, अमेरिकेतील चार्ल्स हल आणि स्कॉट क्रम्प ही तीन नावे घेतली की प्रकरण आटोपते. हा इतिहास चुकीचा नाही. पण तो प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून लिहिलेला आहे. वर्कशॉपच्या दारातून पाहिले, तर त्याची सुरुवात आणखी साठ वर्षे मागे सरकते आणि लेथ व वेल्डिंगचे यंत्र या दोन ओळखीच्या वस्तू मध्यभागी येतात. धातूचे थ्रीडी प्रिंटिंग ग्रामीण महाराष्ट्राला परवडेल अशा किमतीत यायचे असेल, तर ते याच दुसऱ्या दाराने येईल, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/
हे म्हणणे पारखायला काष्टी हे गाव सोयीचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव दौंड–अहिल्यानगर मार्गावर वसले आहे. १८७८ मध्ये खुल्या झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे काष्टीचे नाव दूरवर पोहोचले. भोवतालचा मुलूख घोड आणि भीमेच्या पाण्यावर पोसलेला, म्हणजे उसाचा. ऊस आला की पंप, ट्रॅक्टर, ट्रॉली आणि साखर कारखानाही आलाच. अशा मुलुखाचा संसार जितका पाण्यावर, तितकाच यंत्रांच्या सुट्या भागांवर चालतो. गाळपाच्या ऐन हंगामात एखादा शाफ्ट गेला, तर तोडलेल्या उसाचे वजन उन्हात घटत राहते आणि तो तोटा शेतकऱ्याच्या पदरात पडतो.

३/
आता मूळ कल्पना. वस्तू घडवण्याच्या ढोबळमानाने तीन रीती आहेत. पाथरवट नको असलेला दगड काढून टाकतो आणि उरते ती मूर्ती. लोहार काहीही न काढता लोखंड तापवून, ठोकून त्याचा आकार पालटतो. शाडूची गणेशमूर्ती करणारा मात्र रिकाम्या पाटावर भर घालत जातो. लेथ आणि मिलिंग मशीन ही पाथरवटाच्या वंशातली यंत्रे. साचा आणि प्रेस लोहाराच्या जातकुळीचे. थ्रीडी प्रिंटर हा मूर्तिकाराचा वारस. ‘अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ या भारदस्त नावाचा अर्थ एवढाच आहे : थरावर थर चढवून वस्तू उभी करणे.

४/
पण खेड्यातला लोहार केवळ ठोकत नव्हता. नांगराचा फाळ झिजला की तो ‘शेवटून’ घेण्याची रीत होती. फाळ भट्टीत तापवून त्याला पुन्हा टोक काढले जाई. झीज फार असेल, तर नव्या लोखंडाचा तुकडा लाल करून घणाखाली जुन्याशी एकजीव केला जाई. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवली जाई. थंड होताना ती आवळली जाऊन चाकाला घट्ट बसे. जुनी वस्तू फेकून न देता तिच्यावर धातूची भर घालायची, ही बुद्धी बलुतेदारीइतकी जुनी आहे. नवीन होते ते उष्णतेचे साधन. ते विजेने दिले.

५/
त्याआधी लेथविषयी. लाकूड कातणारे कातारी फार पुरातन. पण लोखंड अचूक कातणारा लेथ हे १८०० च्या आसपासचे फळ आहे. इंग्लंडमधील हेन्री मॉडस्ले याने हत्यार माणसाच्या हातून काढून एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसवले. बैठक लांब स्क्रूच्या फेऱ्यांनी सरकू लागली आणि हाताच्या कंपाची जागा यंत्राच्या नियमाने घेतली. पुढील दीडशे वर्षांचा कारखाना या एका कल्पनेवर उभा आहे. भारतात हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर १९४१ मध्ये आणि बंगळूरची एचएमटी १९५३ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर देशी लेथ वर्कशॉपपर्यंत पोहोचू लागले. त्या पिढीची भक्कम यंत्रे आजही फिरताना दिसतात.

६/
विजेचा चाप धातू वितळवू शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. रशियातील निकोलाय बेनार्दोस याने कार्बनच्या कांडीने जोडकाम केले. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली. ती स्वतः वितळून कामावर उतरू लागली. त्याने या क्रियेला विजेने केलेले ओतकाम मानले आणि तिचा उपयोग मोडकी, झिजलेली यंत्रे भरून काढण्यासाठी केला. १९०४ मध्ये स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग याने स्थापन केलेल्या कंपनीचे आरंभीचे कामही जहाजांच्या बॉयलरच्या दुरुस्तीचे होते. वेल्डिंगच्या जन्मापासूनच ‘जोडणे’ आणि ‘भरणे’ ही दोन्ही कामे तिच्याकडे आहेत. पाठ्यपुस्तकांनी पहिले लक्षात ठेवले.

७/
यानंतर येते ते १९२५ साल. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीच्या राल्फ बेकर याने १९२० मध्ये केलेल्या अर्जावर १४ एप्रिल १९२५ रोजी पेटंट मिळाले. विषय साधा : विजेच्या चापाने वितळलेल्या धातूची रेघ, तिच्यावर दुसरी रेघ, असे करत शोभेची पात्रे घडवणे. साचा नाही, ओतकाम नाही, ठोकणे नाही. केवळ थर. आज जे ‘वायर-आर्क’ पद्धतीचे धातुमुद्रण म्हणून ओळखले जाते, त्याच्या वंशवेलीत बेकरचे पेटंट अगदी वरच्या फांदीवर आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत जर्मनी व जपानमध्ये मोठी दाबपात्रे संपूर्ण वेल्डच्या धातूची बनवण्याचे प्रयोग झाले, ते याच कल्पनेचे मोठे रूप होते.

८/
आता हीच क्रिया महाराष्ट्रातल्या कोणत्याही लेथच्या दुकानात पाहावी. पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला आहे. मिस्त्री ती जागा साफ करतो, शाफ्ट फिरवत फिरवत तिच्यावर वेल्डिंगच्या रेघा शेजारीशेजारी टाकतो, लागल्यास दुसरा थर देतो. मूळ मापापेक्षा जाडी थोडी जास्त झाली की तो शाफ्ट लेथवर चढवून नेमक्या मापाला कातून घेतो. या कामाला बोलीत ‘शाफ्ट भरून घेणे’ म्हणतात. आधी भरणे, मग कातणे. आधुनिक ग्रंथात याच क्रमाला ‘संकरित निर्मिती’ असे नाव आहे : एकाच कामात धातू घालणे आणि काढणे. वर्कशॉपला हा क्रम शिकवावा लागत नाही. तो तिथे रोजचा आहे.

९/
साखर कारखाना ही या विद्येची मोठी शाळा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५० च्या अखेरीस गाळप सुरू केले आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अवजड यंत्रांचे नवे युग सुरू झाले. उसाचा रस काढणारे ओतीव लोखंडाचे रोलर दातेरी असतात. दाते गुळगुळीत झाले की ऊस घसरू लागतो. म्हणून वेल्डर दात्यांच्या अंगावर कठीण धातूचे थेंब टाकत जातो. याला ‘आर्किंग’ म्हणतात. फिरत्या रोलरवर, रसाच्या ओलाव्यात, हातात विजेची कांडी धरून करायचे हे काम अतिशय जोखमीचे आहे. ऊस तोडणारी पाती आणि चेचणारे हातोडे यांच्या टोकांवरही असाच कठीण थर चढवला जातो.

१०/
याच कुळातले आणखी एक काम माती उपसणाऱ्या यंत्रांवर चालते. बकेटच्या पिनचे भोक वापराने लांबट होते. एवढा अवजड भाग लेथवर नेता येत नाही, म्हणून लेथच भागाकडे नेला जातो. भोकाच्या मधोमध एक दांडा बसवतात. त्यावरचा वेल्डिंगचा टॉर्च गोल फिरत, एकेका फेरीला ठरावीक अंतर सरकत, आतून धातूचा सर्पिल थर चढवतो. मग त्याच दांड्यावर कातण्याचे हत्यार लावून भोक मूळ मापाला आणले जाते. याला ‘लाइन बोरिंग’ म्हणतात. यंत्राने ठरवलेला मार्ग, यंत्राने ठरवलेली गती, थरावर थर आणि शेवटी अचूक कातकाम : धातूच्या थ्रीडी प्रिंटरची व्याख्या याहून फार वेगळी नाही.

११/
तरी दोहोंमध्ये एक खरे अंतर आहे आणि ते झाकून चालणार नाही. शाफ्ट असो वा भोक, इथे आकार आधीपासून असतो. भर घालायची ती झिजेपुरती. थ्रीडी प्रिंटर रिकाम्या पाटीवर, केवळ संगणकातल्या आकृतीवरून वस्तू उभी करतो. दुसरे म्हणजे, लेथवर टॉर्च एका अक्षाभोवती फिरतो. मनाजोगता आकार हवा असेल, तर तीन दिशांची हालचाल एकमेकींशी मेळ राखून व्हावी लागते. या मेळाचा इतिहास लेथच्या भावंडातून, मिलिंग मशीनमधून येतो.

१२/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील जॉन पार्सन्स याला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे व विमानांच्या भागांचे वक्र आकार अचूक कापायचे होते. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या पैशाने काम सुरू झाले, त्यात एमआयटीची प्रयोगशाळा आली आणि १९५२ मध्ये आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग मशीन जगाला दाखवण्यात आले. इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, ते यंत्र कोऱ्या कागदावरून बनवलेले नव्हते. ‘सिनसिनाटी हायड्रो-टेल’ या कारखान्यात चालणाऱ्या सामान्य मिलिंग मशीनला नवे नियंत्रण जोडून ते तयार केले होते. संगणकीय यंत्रयुगाची पहिली पायरीच जुन्या यंत्रात केलेली सुधारणा होती.

१३/
घरगुती थ्रीडी प्रिंटरही याच घराण्यातला. स्कॉट क्रम्पने आपल्या मुलीसाठी खेळण्यातला बेडूक गरम गोंदाच्या पिस्तुलाने थर देत बनवला आणि पुढे ते पिस्तूल तीन दिशांना सरकणाऱ्या सांगाड्यावर चढवले. त्याचे १९८९ चे अर्जाचे पेटंट १९९२ मध्ये मंजूर झाले आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये ‘रेपरॅप’ हा खुला प्रकल्प सुरू केला होता. त्याचा सांगाडा हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या आट्यांच्या सळ्यांचा होता. पेटंट संपताच स्वस्त प्रिंटरांची रीघ लागली. शाळेच्या टेबलावरचे हे यंत्र आजही ‘जी-कोड’ वाचते. म्हणजे मिलिंग मशीनचीच भाषा बोलते.

१४/
प्लास्टिक स्वस्त झाले, धातू का झाला नाही? धातूच्या नामांकित प्रिंटरमध्ये अतिशय बारीक भुकटी पसरून ती लेसरने वितळवतात. त्यासाठी शक्तिमान लेसर, निष्क्रिय वायूने भरलेली बंद पेटी, महागडी भुकटी आणि तिच्या धोक्यांपासून बचाव, एवढे सगळे लागते. विमानाच्या इंजिनातील नाजूक भागासाठी हा खर्च योग्यच आहे. काष्टीच्या परिसरात लागणारे भाग मात्र जाड, ओबडधोबड पण मजबूत असतात. तिथे भुकटीऐवजी तार आणि लेसरऐवजी वेल्डिंगचा चाप पुरेसा ठरतो. वर्कशॉपमध्ये ज्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात, त्यात तार आपोआप पुढे येते. प्रिंटरला हवे असते तेच.

१५/
ही दोन टोके जोडण्याचे महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन आणि त्यांचे सहकारी, त्यांपैकी एक एस. सूर्यकुमार, यांनी आधीपासून असलेल्या सीएनसी मिलिंग मशीनला वेल्डिंगचा टॉर्च जोडला. यासंबंधीचे त्यांचे शोधनिबंध २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांतील एकाच्या शीर्षकातच कमी खर्चाचा उल्लेख आहे. मशीनचे मूळ काम शाबूत राहावे, ही त्यांची अट होती. चाप पेटवणे आणि विझवणे हे आदेश मशीनच्या नेहमीच्या कार्यक्रमातूनच दिले जात. एकाच यंत्रावर धातू भरायचा आणि वस्तू तिथून न हलवता शेवटचे मापही काढायचे, अशी ती रचना होती.

१६/
या पद्धतीचे मर्म एका साध्या पायरीत आहे. प्रत्येक थर भरून झाला की त्याचा माथा मिलिंगने सपाट केला जातो. वेल्डिंगची रेघ कधीच एकसारखी उंच नसते. शिवाय तिच्यावर ऑक्साइडची साय धरते. दहा थरांची चूक साठली, तर अकरावा थर भलत्याच उंचीवर पडेल. भिंत बांधणारा गवंडी प्रत्येक थराला दोरी लावून पातळी पाहतो, ती याच भीतीने. माथा साफ केल्यावर खालचा धातू चकचकीत व उंची नेमकी मिळते, आणि वरचा थर त्यावर पक्का बसतो. भरणारे यंत्र महाग करण्याऐवजी कापणाऱ्या यंत्राची अचूकता उसनी घेतली, म्हणून खर्च आवाक्यात आला.

१७/
जगातही हीच वाट चोखाळली गेली. अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठात जोशुआ पिअर्स यांच्या गटाने २०१३ मध्ये रेपरॅपच्या सांगाड्याला साधे वेल्डिंग यंत्र जोडून धातूचा खुला प्रिंटर केला. त्याचा खर्च २,००० डॉलरच्या आत होता. आम्सटरडॅममध्ये जुलै २०२१ मध्ये खुला झालेला, सुमारे १२ मीटर लांबीचा पोलादी पादचारी पूल तर कारखान्यातले यांत्रिक हात आणि वेल्डिंगचे टॉर्च यांनी थरावर थर देऊन उभा केला. एका टोकाला काटकसर, दुसऱ्या टोकाला राणीच्या हस्ते उद्घाटन. पण दोन्हीकडची हत्यारे वेल्डरच्या ओळखीची होती.

१८/
खेड्यात असे काही रुजेल का, या शंकेचे उत्तर काष्टीच्या शेजारी आहे. घोडच्या पलीकडे पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका लागतो. त्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनी हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, हा त्यामागचा विचार होता. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. डिजिटल निर्मितीच्या जागतिक इतिहासात पाबळचे नाव इतके वर आहे, ही गोष्ट शेजारच्या तालुक्यांतील महाविद्यालयांनाही ठाऊक असायला हवी.

१९/
आता आक्षेप. पहिला भरवशाचा. वेल्डच्या थरांत हवेची छिद्रे राहू शकतात, आतला ताण वस्तू वाकवू शकतो, ओतीव लोखंड तर चुकीच्या उष्णतेने तडकते. हा आक्षेप खरा आहे. म्हणून स्टिअरिंग, ब्रेक, उचलयंत्राचा आकडा, दाबाखालचे पात्र असे जिवाशी खेळणारे भाग तपासणीच्या सोयीवाचून अशा पद्धतीने कधीही करू नयेत. परंतु पुली, कपलिंग, ब्रॅकेट, साचे, झिजपट्ट्या आणि झिजलेल्या मोठ्या भागांची पुनर्बांधणी यांची यादी लहान नाही. सुरुवात तिथून करावी. भाग निकामी झाला तर यंत्र थांबेल पण माणूस जखमी होणार नाही, ही पहिली चाळणी.

२०/
दुसरा आक्षेप यंत्राच्या जिवाचा. वेल्डिंगचे शिंतोडे लेथच्या सरकपट्ट्यांवर पडले तर वर्षांची अचूकता जाते. विजेचा परतीचा मार्ग स्पिंडलच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगवर डाग पडून ते खराब होते. चापाच्या विद्युत गोंधळाने सीएनसीचे नियंत्रण बिघडू शकते. उपायही जाणकारांना ठाऊक आहेत : सरकपट्ट्यांवर आच्छादन, अर्थिंगची पकड बेअरिंगला वगळून जोडणे, टॉर्च यंत्रापासून विद्युतरोधक पट्टीने वेगळा ठेवणे. नवे यंत्र या कामाला न लावता, सूक्ष्म मापाच्या कामातून निवृत्त झालेले जुने यंत्र लावावे, हे तर उघडच आहे.

२१/
रूपांतराचा आरंभ संगणकावाचूनही होतो. एक हिशेब पाहावा. तारेच्या वेल्डिंगची रेघ मिनिटाला साधारण ३०० ते ५०० मिलिमीटर पुढे जाते. ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचा परीघ सुमारे १५७ मिलिमीटर. म्हणजे शाफ्टने मिनिटाला दोन-तीन फेरेच घ्यायला हवेत. नेहमीचा लेथ सर्वांत हळू गतीलाही याच्या कितीतरी पट वेगाने फिरतो. म्हणून पहिली सुधारणा एका गिअरपेटीची; दुसरी, हत्याराच्या जागी टॉर्च धरणाऱ्या पकडीची; तिसरी, बैठक दर फेरीला रेघेच्या रुंदीहून थोडी कमी सरकेल अशा फीडची. मॉडस्लेने हाताचा कंप काढला, त्याच युक्तीने इथे वेल्डरच्या हाताचा कंप निघतो. संगणक त्यानंतरची पायरी.

२२/
तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म : हा जुगाड आहे. जुगाड आणि तंत्रज्ञान यांत फरक असतो तो वहीचा. जुगाड एकदा जमतो आणि करणाऱ्याबरोबर जातो. तंत्रज्ञान दुसऱ्याला, दुसऱ्या दिवशी, तसेच्या तसे करता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा प्रवास १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानापासून सुरू झाला आणि लोखंडी नांगराच्या वाटेने १९१० मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत पोहोचला. दुरुस्तीची दृष्टी निर्मितीपर्यंत नेता येते, याचा हा मराठी मातीतला पुरावा. किती अँपिअर, किती व्होल्ट, तारेची गती, थराची उंची, थंड होण्याचा वेळ, हे आकडे लिहिले गेले, तर शाफ्ट भरणाऱ्या दुकानाला निर्मितीचे दुकान होता येईल.

२३/
शासनाची दिशा या चित्रात कुठे बसते? केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि जागतिक व्यवहारात भारताचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या रूपाने थ्रीडी प्रिंटर शाळांत पोहोचले, हे स्वागतार्हच आहे. पण प्लास्टिकचा चाफा छापणाऱ्या मुलाला, त्याच गावातल्या लेथवर तीच विद्या लोखंडात चालते, हे कोणी दाखवत नाही. पुढचा रुपया आयटीआय, तंत्रनिकेतने आणि साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमधील जुन्या यंत्रांच्या रूपांतरावर खर्च व्हावा. श्रीगोंदा तालुक्यासारख्या ठिकाणी कारखान्याचे यंत्रघर बंद हंगामात दुरुस्तीला लागलेलेच असते. प्रयोगाला तेच दिवस योग्य.

२४/
यात पणाला लागलेली गोष्ट यंत्रापेक्षा मोठी आहे. कोणत्या पोलादाला आधी तापवावे, कोणती तार तडा देते, चापाच्या आवाजावरून धातू बसतो आहे की नुसता चिकटतो आहे हे कसे ओळखावे, हे ज्ञान आज वयस्क मिस्त्रींच्या हातांत आणि कानांत आहे. ते बहुतांशी कुठेही लिहिलेले नाही. उद्या हेच ज्ञान कोणी मोजून, साठवून, सॉफ्टवेअरच्या परवान्यात बांधून विकले, तर ज्या वर्कशॉपांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांनाच ते विकत घ्यावे लागेल. ज्याच्या हातात विद्या आहे त्याचे नाव इतिहासात नसावे, ही बलुतेदारीच्या काळातली चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

२५/
म्हणून इतिहासप्रेमी तरुणांपुढे एक काम आहे आणि त्यासाठी गडावर जायला नको. तलवारी आणि नाणी संग्रहालयांनी जपली. भरून-कातून तीस वर्षे चाललेला शाफ्ट भंगारात जातो. आपल्या गावातल्या लेथच्या दुकानात जावे. यंत्र कोणत्या कारखान्याचे, कोणत्या साली आले, ते आधी कुठे होते, मिस्त्रींनी काम कोणापाशी शिकले, पहिला भाग कोणता भरला, हे विचारावे आणि त्यांच्या परवानगीने लिहून ठेवावे. मापे आणि आकडेही सोबत घ्यावेत. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा दात पाहून वय सांगतो. लेथचे वय आणि त्याची विद्या सांगणारी माणसे आज हयात आहेत, तोवरच ही नोंद होऊ शकते.